बांधायची फळं

चवथीच्या आदल्या पहाटे म्हापशाच्या बाजारात एका गोणपाटावर कवंडळं मांडलेली होती. लालबुंद, गुळगुळीत, देठाशी वेलीचा वीतभर तुकडा राखून कापलेली. नव्यानंच गोव्यात आलेल्या एका सुनेनं त्यातलं एक उचललं, नाकाशी नेलं आणि भाजी कशी करतात म्हणून विचारलं. विकणारीनं ते तिच्या हातून अलगद काढून घेतलं. ‘‘खावपाचें न्हय गो बाय, बांदपाचें.’’

मी तिथंच थबकले. मागून पिशव्यांचे धक्के बसत होते, वर ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं, तरी पाय निघेना. माणसं भाव विचारून, पैसे मोजून, न खाण्याची फळं घेत होती आणि घासाघीस करणारीही ती दोन्ही हातांनी उचलत होती.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. मयड्याची केळी, हळदोण्याच्या मिरच्या, माडाचा गूळ, सोलं. माटोळीचा बाजार मात्र वर्षातून एकदाच भरतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची नि तिला बागेतलं आणि रानातलं, त्या ऋतूत जे लागलं असेल ते बांधायचं. त्यासाठी सत्तरी, डिचोली, पेडणे आणि पलीकडच्या दोडामार्गातूनही बायका येतात. कोणी रात्रीच टेंपोनं येऊन गोणींना टेकून डुलक्या काढते, कोणी पहिल्या कदंबा बसनं. उजाडायच्या आत वाटे लागलेले असतात. कांगणीचे हिरवे-पिवळे घोस, पंख फुटलेली माट्टीची फळं, घागऱ्यांच्या शेंगा, आंबाडे, फागलां, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या कुड्याच्या शेंगा, सुपारीची शिपटं, तोरिंजनं. नारळ, चिबूड, तवशी यांना कुळागर आहे, मळा आहे, शिंपणारं माणूस आहे. कवंडाळ कोणी लावत नाही. तरीही गोणपाटामागं बसलेल्या त्या बाईला मी शेतकरीणच म्हणेन. वेल कुठल्या झाडावर चढलेय, फळ कुठल्या आठवड्यात रंगतं, पाखरांच्या आधी किती दिवस तिथं पोचायला हवं, ही तिची लागवड.

या बायका जिथून येतात ते डोंगर आणि हा बाजार यांच्यामध्ये एक जुनी हद्द आहे, ती मला इथं आल्यावर हटकून आठवते. म्हापसा बार्देशात, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीत. इथली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली, देव नद्या ओलांडून पलीकडे नेले. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन बसलं. काही घराण्यांत अजून मूर्ती आणत नाहीत, कागदावर चितारलेला गणपती पुजतात. लपवायला सोपा होता म्हणून, असं घरची माणसं सांगतात. सत्तरी, डिचोली, पेडणे पोर्तुगीजांच्या हाती लागले ते थेट अठराव्या शतकात. तिथली रानं नव्या काबिजादीतली. तिथून आलेली कांगणी बार्देशातल्या घरात गणपतीवर बांधली जाताना मला फार बरं वाटतं.

आमच्या सत्तरीतल्या घरी बाजाराची माटोळी नव्हती. चवथीच्या दोन दिवस आधी काका आम्हां पोरांना घेऊन डोंगरावर जात. जळवा लागत, त्याचं कोणी कौतुक करत नसे. सगळ्यांत आधी केवण. पावसात विटकरी-लाल फुलं येणारं ते झुडूप काका कोयतीनं बेतानं तोडत, साल सोलून लांब पट्ट्या काढत आणि त्या भिजत टाकायला सांगत. माटोळी केवणीच्या दोरानंच बांधायची, यावर घरात वाद नव्हता. वेल ते मुळापासून कधी ओढत नसत. हाताला लागत असलेली दोन-चार फळंही तशीच ठेवत. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, रानाचा वाटा. पुढे काही बोलले नाहीत.

खरा सोहळा बांधताना. काका स्टुलावर उभे, आम्ही खाली सुपांभोवती. आधी नारळाची जोडी, मग शिपटं, मग केळीचा घड. भार दोन्ही अंगांना सारखा पडला पाहिजे. जड संपलं की रानातलं सुरू होई. वरून नाव यायचं, कांगणी! आणि खालून कांगणीच जायला हवी. कोणी माट्टी पुढे केली तर काका रागवायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत. हात तसाच लांबवलेला राहायचा. खाली कुजबुज, शोधाशोध, मोठ्या बहिणीची कोपरखळी, आणि मग बरोबर घोस त्या हातात पडायचा. घागऱ्या सगळ्यांत शेवटी, पुढच्या काठाला. त्या तेव्हा हिरव्या असत. माटोळी उतरल्यावर आम्ही त्या पळवून माळ्यावर वाळत घालायचो आणि पुढं कितीतरी दिवस पायांना बांधून नाचायचो. आतलं बी चाळांसारखं वाजे. नारळ स्वयंपाकघरात जात, आंबाडे खतखत्यात. कवंडळं आजी विहिरीमागं टाकायला सांगे. एका पावसाळ्यात तिथल्या फणसावर वेल चढलेली दिसली. त्यानंतरच्या चवथीला काकांनी तिच्यावरचं एकच फळ घेतलं.

आता माटोळीच्या स्पर्धा होतात. शेकडो जिनसा, प्रत्येकीखाली चिठ्ठी. पोरं त्या वाचत उभी राहतात, ते मला आवडतं. फळांतून मोर नि हत्ती घडवलेले मात्र मला बघवत नाहीत. आणि प्लास्टिकची सफरचंदं तर गणपतीपुढं नकोतच. सहा महिने टिकणारी वस्तू चवथीला काय करायची? दोडामार्गाकडं उतारच्या उतार रबराखाली गेलेत, आमच्याकडं काजू. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं म्हणून पुष्कळ रान उभं राहिलं. पण कवंडाळीला, कांगणीला चढायला मिश्र झाडोरा लागतो आणि तो गावाच्या कडेकडेनंच आधी तुटतो. वाटा महागलाय अशी कुरकूर ऐकली की मला वाटतं, वेल कितीतरी लांब गेली, बाई तेवढी लांब चालली.

त्या कवंडाळवालीकडं मी दोन वाटे घेतले. माझ्या शेजारच्या गृहस्थांना घाई होती. सगळ्यातलं थोडंथोडं एका पिशवीत भरून द्या, म्हणाले. तिनं भरलं. मग विचारलं, ‘‘केवण आसा मगो?’’ ते म्हणाले, सुतळी आहे घरी. ‘‘सुतळेन बांदपाची माटोळी?’’ असं म्हणत तिनं मागच्या गोणीतून केवणीची जुडी ओढली आणि त्यांच्या पिशवीत घातली. पैसे घेतले नाहीत. बांधायच्या आधी भिजत घाला, नाहीतर गाठ सरकेल, हे मात्र दोनदा बजावलं.

त्याच झुडपाची शेंग म्हणजे मुरडशेंग. बाळाच्या पोटात मुरडा आला की आई ती सहाणेवर उगाळायची, घुटीत डिकेमाली आणि वेखंडाबरोबर. केवण आणि मुरडशेंग एकाच झाडाची हे मला काकांनी नाही, बऱ्याच वर्षांनी या बाजारातच एका म्हातारीनं सांगितलं होतं. ती आज दिसली नाही. तिच्या जागी बसलेल्या मुलीला विचारलं. आज्जी घरी आहे, गुडघे धरलेत, म्हणाली. आणि ऐकत असलेल्या गिऱ्हाइकाला घागऱ्या वेगळ्या करून दाखवू लागली.