खोली भाड्याची, दाखला जातीचा

अलिबाग, उरण, पेण भागात नोकरी-शिक्षणासाठी खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना आता "तुम्ही कोण?" असे कुणी तोंडावर विचारत नाही. गरजच उरलेली नाही. एजंट म्हणतो, "आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला व्हॉट्सॲपवर टाका." दाखल्यावर जात-पोटजातीचा रकाना असतो. आम्ही दाखला पाठवेपर्यंत खोली रिकामी होती. पाठवल्यावर मालकाचा पुतण्या राहायला येणार असल्याचे कळले!

भाडेकराराच्या नोंदणीला ओळखीचा पुरावा लागतो, हे मान्य. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. पण त्यासाठी शाळेचा दाखला कशाला?

आधारवर जातीचा रकाना नाही, पण पत्ता आहे. कोकणात तो पत्ताच 'बौद्धवाडी' असे बोलतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नावे बदलतीलही, घर नाकारणारे मन कोण बदलणार?

काही मित्र विचारतात, "आपण अभिमानाने जयभीम म्हणतो, मग जात लपवायची कशाला?" मित्रहो, प्रश्न लाजेचा नाहीच. आपली ओळख कुणाला, कधी सांगायची हे आपण ठरवणार की घरमालक? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क बंगलेवाल्यांपुरता नाही. त्याची खरी गरज, माहिती उघड होताच ज्याच्यासाठी दार बंद होते, त्याला आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघड होताच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच जिल्ह्यातल्या महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, दुकाने, उपाहारगृहे आली. भाड्याचे घर मात्र त्या यादीत नाही. पुढची लढाई तिथे आहे.

तोवर एवढे तरी करू या. दाखला व जातप्रमाणपत्र मागितले तर "कोणत्या नियमाने?" असे लेखी विचारा. आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत आधी द्या. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहा. खोली नाकारली तर मेसेज जपून ठेवा आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सांगा. एकेकट्याने गिळलेला अपमान कुठेच नोंदला जात नाही.

भाडे आम्ही देऊ, अनामतही देऊ. जातीचा हिशेब देणार नाही.

जयभीम!