रद्दी आणि कीर्द

आमचं किराणा दुकान होतं. महिनाअखेरीला वर्तमानपत्रं रद्दीत जात आणि वर्षअखेरीला कीर्द-खतावणी लाल फडक्यात बांधून माळ्यावर. दोन्ही शेवटी कागदच. पण वडिलांच्या हातून कधी गल्लत झाली नाही. माझ्या हातून झाली.

२०१४ साल. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळायचो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरच्या नोंदी, म्हणजे कुणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागलं, थेट आमच्या सर्व्हरवर येत. एका रात्री अकराला फोन आला : सर्व्हर बंद पडलाय. पाहिलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली.

डेटाच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर फुगले होते : पीजी_लॉग आणि पीजी_एक्सलॉग. लॉग म्हणजे सर्व्हरची बडबड, असा माझा समज. पहिल्यातल्या फायली न वाचताच उडवल्या. जागा फारशी झाली नाही. दुसऱ्यात १६-१६ एमबीच्या हजारो फायली होत्या. एक उघडून पाहिली, काही वाचता येईना. म्हटलं, कचराच असणार. त्याही उडवल्या. डिस्क मोकळी झाली. सर्व्हर सुरू करायला गेलो, तर तो म्हणाला, चेकपॉइंटची वैध नोंद सापडत नाही.

तो कचरा नव्हता, ती कीर्द होती. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी तिथे उतरवून घेतो आणि मग सवडीने मूळ तक्त्यांच्या फायलींत नेतो. आधी कीर्द, मग खतावणी. ‘इथपर्यंत खतावून झालं’ अशी खूण म्हणजे चेकपॉइंट. मशीन अचानक बंद पडलं, तर त्या खुणेपासून पुढची कीर्द वाचून हिशेब पुरा करता येतो. मी तीच पानं फाडली होती.

बॅकअप आदल्या रात्री एकचा. तो चढवला. त्या दिवसाची सकाळ-संध्याकाळची दोन्ही संकलनं गेली. पुढचे चार दिवस केंद्रांवरचे लोक शेतकऱ्यांकडच्या पावत्या गोळा करून नोंदी पुन्हा भरत होते. पावती ज्यांनी जपली, त्यांचं दूध परत आलं. एका केंद्रावरून फोन आला : एका आजींची चिठ्ठी हरवलीय, पाच लिटर होतं म्हणतात, काय करू? मी म्हटलं, पाच लिटर लिहा. त्याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी लाज पुढेच वाटली. कीर्दीची जुनी पानं दुसऱ्या मशीनवर कॉपी झाल्याशिवाय पोस्टग्रेस ती काढून टाकत नाही. ते दुसरं मशीन बंद होतं, म्हणून पानं साचत गेली. कॉपी फसत असल्याचं सर्व्हर पुन्हा पुन्हा लिहून ठेवत होता. कुठे? पीजी_लॉगमध्ये. मी सगळ्यात आधी उडवलेल्या फायलींत.

ही गल्लत करणारा मी एकटा नव्हतो. २०१७मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत पीजी_एक्सलॉगचं नाव बदलून पीजी_वॉल केलं, कारण नावातला ‘लॉग’ पाहून लोक त्या फायली उडवत होते.

आता माझ्याकडे लॉगच्या वारांच्या नावाने सात फायली असतात. या सोमवारची फाईल गेल्या सोमवारचीवर लिहिली जाते. त्या वेगळ्या डिस्कवर आहेत. डिस्क ऐंशी टक्के भरली की फोन वाजतो. पीजी_वॉलला कुणी हात लावत नाही.

परवा रात्री टीममधल्या मुलीने विचारलं, “सर, डिस्क भरत आलीय. जुने लॉग उडवू का?”

“आधी वाच,” मी म्हणालो. “काय लिहिलंय ते मला सांग. मग बघू.”