नोंदवहीतले नाव

१९९६ सालच्या मे महिन्यात बाबांनी आमची प्रीमियर पद्मिनी विकली. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा मी शाळेत होतो, आणि नुसता नंबर लावून वाट पाहण्यात बाबांची काही वर्षे गेली होती. गिऱ्हाईक घरचेच म्हणावे असे होते. मरोळच्या आमच्याच धर्मग्रामातले, रविवारी मिस्सेला आमच्या मागच्या बाकावर बसणारे. आईने चहा केला, पैसे मोजले गेले आणि बाबांनी आर.सी. बुक, विम्याचा कागद व दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. एजंटाने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आधीच पाठवले होते. त्यांवर बाबांनी सह्या केल्या. तारीख कोरी आणि घेणाऱ्याचे नावही कोरे.

"पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो," ते म्हणाले.

"होईल सावकाश. आपण काय परके आहोत?" बाबा म्हणाले.

त्या काळी असे सर्वत्रच चाले. कोऱ्या फॉर्मांची ही जोडी गाडीबरोबर एखाद्या मुक्या सोबत्यासारखी हिंडे. घेणारा ती पुढच्याला देई, पुढचा त्याच्या पुढच्याला. नाव लावण्याचा खर्च आणि अंधेरीला वर्सोवा रस्त्यावरच्या आर.टी.ओ.तली रांग, दोन्ही ज्याचे त्याने पुढच्यावर ढकलावे. बाबांनी डायरीत एक ओळ लिहिली, 'आज गाडी दिली', आणि त्यांच्या लेखी व्यवहार संपला.

सहा वर्षांनी, २००२ मध्ये, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गावर आमच्या गाडीने रात्रपाळीला निघालेल्या एका सायकलस्वाराला उडवले होते. 'आमच्या' असे मी आज लिहितो. तेव्हा ही नोटीस चुकीच्या घरी आली आहे असेच आम्हांला वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या गृहस्थांनी वर्षभरातच ती विकून टाकली होती, मग ती दलालाकडे गेली, दलालाकडून मुलुंडच्या कोणा एकाकडे. विमा कधीच संपला होता. चालवणारा सापडत नव्हता. सरकारी नोंदवहीत मात्र सहा वर्षे एकच मालक स्थिर उभा होता : माझे वडील.

वकिलांनी जे समजावले ते मला तेव्हा अन्यायाचे वाटले होते. विकणारा आणि घेणारा यांच्यापुरते पाहिले तर पैसे मिळाले, गाडी हवाली झाली, मालकी गेली. पण रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला त्यांच्या घरगुती व्यवहाराचे काय? त्याने नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्याकडेच पाहावे. २००१ मध्ये, गाडी विकूनही नोंद न बदललेल्या एका डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले होते. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये हातोहात फिरलेल्या एका गाडीच्या दाव्यात त्याच न्यायालयाने हे अधिकच स्पष्ट केले : कायद्याच्या व्याख्येप्रमाणे नोंदीत नाव असलेला तोच मालक. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५० विकणाऱ्याला एकाच राज्यातल्या व्यवहारात चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायला सांगते आणि घेणाऱ्याला तीस दिवसांत. पहिले कर्तव्य विकणाऱ्याचे आहे हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? आपण समजतो, नाव लावणे ही घेणाऱ्याची गरज, त्याचे तो पाहील.

खरे तर आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. लग्न ठरले की फादर स्नानसंस्काराचा ताजा दाखला मागतात. घरात जुना दाखला फ्रेम करून ठेवलेला असला तरी तो चालत नाही, कारण खरा आधार असतो तो चर्चच्या नोंदवहीचा. लग्न कुठेही लागो, त्याची नोंद मूळ नोंदवहीच्या समासात जाऊन बसते. आर.सी. बुकही तसाच दाखला. ते कोणाच्या कपाटात आहे याला फारसे महत्त्व नाही. समासात नवी नोंद पडली की नाही, एवढाच प्रश्न.

बाबा एका रविवारी दुपारी त्या जखमी माणसाच्या भांडुपच्या खोलीवर गेले. वकिलांनी जाऊ नका म्हणून बजावले होते. मीही सोबत गेलो, मनातून धुमसतच. त्याचा पाय मांडीपाशी लोखंडाने सांधलेला होता आणि त्याची बायको डबे करून घर चालवीत होती. परतताना मी म्हणालो, "बाबा, आपण गाडी विकली होती. हे आपले देणे नाही." बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदावर नाव माझे. त्याने आणखी कोणाकडे जावे?" न्यायाधिकरणाने ठरवलेले एक लाख चाळीस हजार त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून भरले. मागच्या बाकावरचे गृहस्थ तोवर आखातात गेले होते. बाबांनी त्यांना कधी पत्र लिहिले नाही. मी लिहिले, त्याला उत्तर आले नाही.

२०१८ च्या शेवटी बाबा देवाघरी गेले. त्यांच्या नावावर एक मारुती होती. मालकाच्या निधनाची खबर तीस दिवसांत द्यायची, आणि वारसाने तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मृत्युपत्र नसताना विधवेचा तिसरा हिस्सा आणि उरलेले मुलांचे. म्हणून धाकट्या बहिणीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र कुवेतहून आणवले. गाडी आधी आईच्या नावावर झाली. (२०२१ पासून मालकाला आर.सी.त वारस नेमून ठेवता येतो. आपल्या गाडीवर ज्यांनी नेमला नसेल त्यांनी एक दुपार काढावी.)

मग ती घ्यायला आमच्या गायकवृंदातला एक तरुण आला. मी त्याला म्हटले, पैसे आणि गाडी नंतर. आधी आपण दोघे आर.टी.ओ.त जाऊ, फॉर्म पूर्ण भरू, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेऊ, आणि गाडी हवाली केल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहू. विमाही चौदा दिवसांत तुझ्या नावावर.

त्याचा चेहरा उतरला. "अंकल, आपण एकाच चर्चचे ना?"

मी त्याला भांडुपची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो एवढेच म्हणाला, "कधी जायचे?"

सहा आठवड्यांनी मिस्सा संपल्यावर चर्चच्या प्रांगणात तो नवे कार्ड दाखवायला आला. आईने चष्मा लावून त्यावरचे नाव वाचले, कार्ड त्याला परत दिले आणि मला विचारले, "आणि ती पद्मिनी रे? ती अजून बाबांच्याच नावावर असेल का?"

ती गाडी शेवटी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली होती एवढे मला ठाऊक आहे. तिचे बुक हरवले आणि नोंदणी रद्द करायला कोणी गेले नाही. आता मोबाईलवर क्रमांक घातला की नोंद दिसते म्हणतात. तो क्रमांक मला पाठ आहे. मी अजून पाहिलेले नाही.