प्रतापगडचा तेरडा

प्रतापगड म्हटलं की महाबळेश्वरजवळचा किल्लाच आठवतो, नाही का? पण मैत्रिणींनो, आमच्या गोंदिया जिल्ह्यातही, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एक प्रतापगड आहे. डोंगर, जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचं स्थान आणि तिथंच दर्गाही. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोघंही येतात. मला विचाराल तर मात्र भादव्यात जावं. तेव्हा गर्दी नसते.

मी मूळची रत्नागिरीकडची. माहेरी गौर तेरड्याची. आई ओढ्यावरून रोपं मुळांसकट आणायची, त्यांनाच साडी नेसवायची. सासरी महालक्ष्म्या, ज्येष्ठा-कनिष्ठा, मुखवटे, सोळा भाज्या, सगळा थाट. तरी त्या तीन दिवसांत माझे डोळे का भरून येतात, हे चौदा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना चार दिवस असताना सासूबाईंना दर्शनाला नेलं. नाल्याकाठी उभा खडक, पाणी झिरपणारा, आणि त्याच्या फटीफटीतून गुलाबी तेरडा! बागेतला दुहेरी पाकळ्यांचा नव्हे, आपला रानातला, साधा. पानांना करवतीसारखी कड, रसरशीत देठ, फुलामागे शेपटीसारखी वाकडी नळी. मध असतो तो त्या नळीत. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं तर फट्‌कन फुटली, साली गुंडाळल्या गेल्या आणि बी दूर उडालं. उभ्या खडकावर याला पेरतं कोण, ते तेव्हा कळलं. शास्त्रज्ञांनी या कुळाला ‘अधीर’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलंय, ते उगीच नव्हे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खालीच बसल्या होत्या. “काय पाहून राहिली गं एवढी?”

सांगून टाकलं. आईचं, ओढ्याचं, सगळं.

त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “तर मग आण ना एक रोप! इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?”

एकच आणलं, मातीसकट, ओल्या फडक्यात. घरी डालड्याच्या डब्यात लावलं आणि ज्येष्ठेच्या उजव्या हाताला ठेवलं. हळदीकुंकू त्याला पहिल्यांदा सासूबाईंनीच वाहिलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. गौरीचा मुक्कामही तेवढाच की!

तुम्हांला बी धरायचं असेल तर शेंग फुगून फिकट होऊ लागताच तिला मलमलीची पुरचुंडी बांधा. मी एक दिवस उशीर केला आणि निम्मं बी न्हाणीघरात वेचत बसले.