दुखणं नेमकं कुणाचं?

पालकसभेला एखादी आई मुलाची तक्रार घेऊन आली, की "अहो, एकदा समुपदेशकाकडे नेऊन आणा ना" असं मी अगदी सहज सांगत असे. कराडच्या एका खाजगी शाळेत मी सकाळच्या तीन तासिका मराठी शिकवते, बी. ए. झालेली आहे, तेव्हा असे सल्ले द्यायचा आपल्याला अधिकारच आहे, असं वाटायचं. कुठला समुपदेशक, कशासाठी आणि घरातल्या नेमकं कुणी जायचं, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. ते कळलं ते आमच्याच घरावर पाळी आली तेव्हा.

2022 सालच्या जूनची गोष्ट. आमचा थोरला तेव्हा आठवीत होता. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच त्याचं पोट दुखायला लागलं. सकाळी क्लासला जायचा, हसायचा, खायचा. दहा वाजले, दप्तर भरायची वेळ झाली, की पोट धरून कॉटवर आडवा. ओवा दिला, हिंग लावला. नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांना हसायला मला तोंड नव्हतं, कारण पुढे मी जे केलं ते काही फार शहाणपणाचं नव्हतं.

एका शिकवणी वर्गात 'काउन्सेलर' बसतात असं ऐकलं आणि मी त्याला तिकडे घेऊन गेले. त्यांनी दोन तास पेपर सोडवून घेतला, अडीच हजार रुपये घेतले आणि रंगीत फाइल हातात दिली. मुलगा हुशार आहे, गणिताकडे कल आहे, आमच्याच वर्गात घाला म्हणजे गोडी लागेल! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कल पाहणारी चाचणी वाईट नसते हो, दहावी-बारावीनंतर कुठली शाखा घ्यावी यासाठी तिचा उपयोग होतो. पण दहाच्या ठोक्याला दुखणारं पोट हा काही शाखेचा प्रश्न नव्हता.

शेवटी आमच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंनी साताऱ्याच्या समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं. मला ते बरंच वाटलं. गावात कुणी जिना चढताना पाहिलं तर काय, ही भीती नको. (पुढे कळलं, की आपण सांगितलेलं गुप्त ठेवणं हा आता कायद्यानेच आपला हक्क आहे, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तसं कलम आहे. पण कायदा समोरच्या वहिनींना थोडाच लागू होतो!)

बाईंनी पहिल्यांदा मुलाशी एकट्याशी बोलणं केलं. मग मला विचारलं, "रविवारी पोट दुखतं का?" नाही. "शाळेचा दिवस आहे, पण तुमची सुट्टी आहे आणि सासूबाई घरी आहेत, अशा दिवशी?" मी आठवून पाहिलं. सासूबाई होत्या त्या आठवड्यात तो चार दिवस शाळेला गेला होता. श्रेय आम्ही मीठ-मोहऱ्यांना दिलं होतं. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही सगळे या. मिस्टरांनाही आणा."

आता यांना न्यायचं म्हणजे! "मी काय वेडा झालोय?" हे पहिलं वाक्य. दुसरं, "दुकान कोण बघणार?" आमचं कापडाचं दुकान. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी ऐन लग्नसराईत टाळेबंदी लागली, माल तसाच पडून राहिला आणि कर्ज मात्र वाढत गेलं. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. बाईंनीच तोड सुचवली. "वडिलांची मदत हवी आहे, असं सांगा. तुमच्यावर उपचार करायचेत, असं सांगू नका." ते आले. खुर्ची दाराजवळ ओढून बसले.

बाईंनी मुलाला साधं विचारलं, "घरात तुला सगळ्यात जास्त काळजी कुणाची वाटते?"

"आईची," तो म्हणाला. "मी शाळेत गेलो की ती दुपारभर एकटी असते."

मार्चमधल्या एका रात्री, हिशेबाच्या वह्या समोर असताना, मी यांना म्हटलं होतं, की मला आता जगायचाच कंटाळा आलाय. म्हटलं आणि विसरूनही गेले. पोरगं भिंतीपलीकडे जागं होतं. परीक्षा होती म्हणून ते दिवस कसेबसे गेले, सुट्टी घरातच गेली, आणि जूनमध्ये मला सोडून जायची वेळ आली तेव्हा त्याचं पोट दुखायला लागलं. तो माझ्यावर पहारा करत होता हो! यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मी मात्र भडभडून रडले, आणि रडताना लक्षात आलं, की गेले कित्येक महिने न्हाणीघरात नळ सोडून मी हेच करत होते. पहाटे तीनला जाग यायची, भूक मेली होती, धाकटीच्या पाठीत उगाच धपाटे बसत होते. तरी समुपदेशन हवं होतं ते मुलाला! कारण 'मुलाचा प्रॉब्लेम आहे' असं सांगायला लाज वाटत नाही. 'माझं काही खरं नाही' असं सांगायला वाटते. माझ्यासारख्या कितीजणी मुलाला पुढे करत असतील, देव जाणे.

खरा शहाणा माणूस आपल्या कामाची हद्द ओळखतो, हे मी या बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बोलण्याचं काम मी करीन. पण तुमची झोप-भूक गेलीय, जिवाचं बरंवाईट मनात येतंय, तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा." तोवर मला हे सगळे एकच वाटायचे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते तपासण्या आणि बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र आज कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण काय, अनुभव कशातला, हे विचारायला संकोच करू नका. पोळीवाली ठेवताना आपण चार प्रश्न विचारतोच की. आणि 'तीन बैठकांत खात्रीने गुण' असं कुणी सांगितलं, तर चपला घालाव्यात.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. माझं थायरॉइड कमी निघालं, त्यानेही मन असं खचतं म्हणे. त्याची गोळी सुरू झाली आणि नैराश्याचीही. तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, हे त्यांनी बजावून सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी चौथ्याच दिवशी बंद करणार होते. गोळ्या मी तिखटाच्या डब्यामागे लपवायची. एकदा यांनी पाहिल्या, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रात्री स्वतःच पाण्याच्या पेल्याबरोबर आणून ठेवल्या. आणि यांचं म्हणाल, तर यांना समुपदेशकापेक्षा बँकेतल्या शहाण्या माणसाची गरज होती! बाईंच्याच आग्रहाने ते बँकेत गेले, कर्जाचे हप्ते नव्याने बांधून घेतले, तेव्हा त्यांची मान वर झाली. मुलाला वेगळं असं काहीच करावं लागलं नाही. सगळ्यांनी मिळून पाच वेळा गेलो. दिवाळीनंतर तो रोज शाळेत जायला लागला.

सगळ्यांनी एकत्र बसणं आमच्या घराला मानवलं, म्हणून ते प्रत्येक घराला मानवेल असं नाही. माझ्या ओळखीच्या एकीला नवरा मारतो. तिला तिच्या माहेरच्यांनी 'समजुतीसाठी' दोघांना एकत्र बसवायला नेलं. तिथे ती जे बोलली, त्याचा हिशेब त्याने घरी येऊन चुकता केला. मारहाण असेल तिथे आधी तिची सुरक्षितता. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, पहिली भेट त्यांची, आणि तीही एकटीने. दारूचा प्रश्न असेल तर त्यातलं काम करणारेच गाठावेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच करतं आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, तिथे नवरा तयार होईपर्यंत थांबावं लागत नाही, आपण आपल्या जाऊ शकतो.

आणि रात्री-अपरात्री नकोनको ते मनात आलं तर 14416 हा नंबर लावा. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मला मार्चमध्ये हवी होती ती.

अजून मी अधूनमधून साताऱ्याला जाते. 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं, तेवढाच आधार. कुणी ओळखीचं भेटलं की पूर्वी मी "डोळे दाखवायला" म्हणायची. मागच्या खेपेला शेजारी आमच्या पेठेतल्या एक काकू बसल्या होत्या, त्यांना खरं ते सांगून टाकलं. उंब्रज येईपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नंबर देशील का गं त्या बाईंचा? सुनेसाठी हवा होता."

मी तिकिटाच्या मागे नंबर लिहून दिला. म्हटलं, "काकू, तिला एकटीला पाठवू नका हं. तुम्हीही जा."