पाझर

वाचकहो, तुमच्या विहिरीला पाणी कुठून येते? पावसाचे, असे तुम्ही लगेच सांगाल. मीही पुष्कळ वर्षे तेच सांगत होते. पण आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याला माणसांचे हात लागलेले आहेत, आणि त्यातल्या एका बाईचे देणे माझ्याकडे सेहेचाळीस वर्षे तसेच राहून गेले होते. त्याची ही हकीकत.

आमचे गाव माणदेशात, सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत रिता झालेला असतो. १९७१ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सतरा वर्षांची होते. त्या वर्षी पाऊस तुटपुंजाच झाला. १९७२ साली तर तो आलाच नाही म्हटले तरी चालेल. बाजरी वीतभर वाढून करपली. दिवाळीच्या आतच कणगीचा तळ दिसू लागला. दावणीची खिल्लारी जोडी मामंजींनी कवडीमोलाने विकली. दोन्ही बैल गेल्यावर ते बराच वेळ रिकाम्या दावणीपाशी उभे होते. सासूबाईंनी हाक मारली, तरी आले नाहीत.

रेशनवर तेव्हा तांबडी मिलो ज्वारी मिळे. ती परदेशातून आलेली. भगिनींनो, तिची भाकरी थापणे म्हणजे परीक्षाच होती! पिठाला चिकटपणा नाही, काठ फुटायचे, आणि तव्यावर टाकेपर्यंत अर्धी भाकरी हातात राहायची. उकळत्या पाण्यात पीठ कालवून कशीबशी जमवायची. आजही कुणी पानात भाकरी टाकली की माझ्या पोटात कालवते. नातवंडे हसतात. हसू देत.

त्या साली सरकारने गावोगाव कामे काढली. कुठे खडी फोडायची, कुठे रस्ता, कुठे नालाबांध, कुठे पाझर तलाव. मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना वि. स. पागे यांनी लावून धरली होती. ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि त्या वेळी विधान परिषदेचे सभापती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. पण आम्हाला तेव्हा यातले काय ठाऊक? आम्हाला ठाऊक होता तो मुकादम आणि मस्टरवर नावे लिहिणारा कारकून.

मामंजी तीस एकर कोरडवाहूचे धनी. म्हणाले, "माझ्या घरची सून लोकांच्या म्होरं माती वाहनार न्हाई." चार दिवसांनी पिठाचा डबा वाजू लागला, तेव्हा ते पहाटे उठून काही न बोलता बाहेर पडले. गावच्या कामावर नव्हे, तर दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावच्या खडीवर. पटक्याचा शेव तोंडाला बांधून गेले, ओळख पटू नये म्हणून. संध्याकाळी आले ते हसतच. तिथे आमच्याच गावचे पाच-सहा बागाईतदार तोंडे बांधून खडी फोडत बसले होते! दुसऱ्या दिवसापासून मी आणि सासूबाई गावच्या पाझर तलावावर जाऊ लागलो.

आमची टोळी दहा जणांची. पुरुष कुदळीने खणायचे, बाया घमेल्यातून माती बांधावर नेऊन टाकायच्या. खणलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट उभा ठेवायचा, त्यावरून खोली मोजायची आणि त्या मापावर टोळीला पैसे. माझ्या वाट्याला दिवसाचे अडीच रुपये पडत. एकीने चार घमेली कमी टाकली, तर बाकीच्यांना चार जास्त टाकावी लागत. दुपारी सुकडी मिळे. ती पदरात घेऊन बाया आपापल्या सावलीला जात. आपापल्या म्हणजे कशा, ते जुन्या माणसांना सांगायला नको. टोळी एक होती, पण पाण्याचे मडके एक नव्हते. आमच्या टोळीत बौद्धवाड्यातली एक आक्का होती, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिचे मडके निराळे. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावून ठेवले होते.

पौष संपता संपता मला दिवस गेल्याचे कळले होते, तरी काम सुटले नाही. चैत्रात घमेले उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. वैशाखात सहावा महिना सरला आणि मी बांधाच्या चढावर निम्म्यात थांबू लागले. टोळीत कुरबूर सुरू झाली. एक गडी म्हणाला, "हिचं माप आमी कशापायी भरायचं?" आक्काने स्वतःचे घमेले रिकामे करून आणले, माझ्या डोक्यावरचे काढून आपल्या डोक्यावर घेतले आणि त्याला म्हणाली, "तू खन गुमान. वाहनारी मी हाय." त्या दिवसापासून ती माझ्या तीन खेपांतल्या दोन खेपा करायची. मी खाली बसून घमेली भरायची.

एका दुपारी मी भोवळ येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात पाणी होते, थंड, मडक्याचे. ते कुणाचे, हे मला लगेच कळले. मी घटाघटा प्याले. सासूबाई त्या दिवशी घरी होत्या. मी त्यांना सांगितले नाही, आणि आक्काला काही म्हणालेही नाही.

मधे एक आठवडा कारकुनाने माझे नाव मस्टरवर लावलेच नाही. सहा दिवसांचे पंधरा रुपये बुडाले. बाजाराच्या दिवशी मी कोपऱ्यात रडत बसले होते. आक्का आली आणि पैसे माझ्या मुठीत कोंबून म्हणाली, "चूक झाली हुती त्याची. दिलं त्यानं." मी डोळे पुसून मीठमिरची आणायला गेले.

आता थोडे तलावाविषयी सांगते, कारण तिथे पोट भरायला गेलेल्या आम्हा कुणालाच तो कसा चालतो हे माहीत नव्हते. बांधाच्या खाली आधी लांबलचक चर खणला होता, कठीण थर लागेपर्यंत. त्यात काळी माती भरून दाबली. तीच काळी माती भिंतीसारखी बांधाच्या पोटातून वर आणली, दोन्ही अंगांना मुरूम. काळ्या मातीतून पाणी सहज जात नाही, म्हणून बांध धरून राहतो. पण तलावाच्या तळाचा मुरूम मात्र पाणी पितो. आपला हा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थिजलेला लाव्हा. त्याचा वरचा थर झिजून मुरूम झाला, खालच्या दगडाला भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी वाट काढते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. हे मला नातीच्या पुस्तकावरून कळले, तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटले नाही. साडेसहा कोटी वर्षे तो दगड भेगा राखून बसला होता, आणि वरून पाणी अडवायला काय लागले, तर आमची घमेली!

रोहिण्या लागेपर्यंत बांध उभा राहिला. १९७३ च्या आषाढात मला मुलगी झाली. मृगाने शिडकावा केला होता, पण आमच्याकडचा खरा पाऊस परतीचा. उत्तरा नक्षत्रात एका रात्री तो असा पडला की पत्र्यावरचा आवाज ऐकून पोर झोळीत दचकून उठली. सकाळी सारा गाव बांधावर. मी अडीच महिन्यांची मुलगी पदराखाली घेऊन गेले. जिथे आम्ही खणत होतो, जिथे मी पडले होते, तिथे गढूळ तांबडे पाणी हलत होते. कुणी बोलत नव्हते. एक म्हातारा वाकून वाकून हात जोडत होता, पाण्याला की बांधाला, कोण जाणे.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. आमची विहीर सात परस खोल, दोन वर्षे कोरडी. मामंजी सकाळी विहिरीवर गेले ते जेवायलाही आले नाहीत. पाहायला गेले, तर तळाशी उतरून ते भिंतीला कान लावून उभे होते. मला वाटले, डोके फिरले. त्यांनी खालूनच हाताने गप्प राहायची खूण केली. मग मलाही ऐकू आले. थेंब. थोड्या वेळाने आणखी एक. दगडाच्या फटीतून पाणी ठिबकत होते. त्यांनी ओंजळ धरली, भरायला किती वेळ लागला सांगता येत नाही, आणि प्यायले. वर आल्यावर एवढेच म्हणाले, "गोड हाय."

मुलीचे बारसे आम्ही दिवाळीत केले. गाव बोलावला. आक्काला बोलावणे गेले नाही. सासूबाई ते होऊ देणार नव्हत्या हे खरे, पण मी शब्दही काढला नाही, हे त्याहून खरे. पुढे रस्त्यात दिसली की ती "पोर बरी हाय का?" विचारायची. मी "बरी हाय" म्हणून पुढे जायची.

वर्षे गेली. मोटर आली, मळा झाला, मुलगी शिकून शिक्षिका झाली. २०१२-१३ साली जनावरे चारा छावणीत नेऊन बांधावी लागली, तेव्हाही आमच्या विहिरीत पिण्यापुरते पाणी होते. सासूबाई गेल्या, मामंजी गेले. घरातली मडकी केव्हाच एक झाली होती. पण मी काही त्या वाड्यात गेले नव्हते.

२०१९ च्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळ काढायचे ठरले. यंत्राने एका दिवसात जेवढे उपसले, तेवढे आमच्या टोळीने महिन्यात उपसले नसते. गाळाची ट्रॉली आमच्या रानात रिकामी झाली. तो पसरताना माझ्या पायाला काहीतरी लागले. घमेल्याची गंजलेली कड, हातभर. कुणाचे होते देव जाणे. मी ती धुतली आणि तशीच हातात घेऊन आक्काच्या दारात गेले.

ती अंगणात लसूण सोलत बसली होती. कड पाहून हसली. मी तिथेच खाली बसले आणि जे म्हणायचे राहिले होते ते म्हणाले. नीट जमले नाही. "तू माझं घमेलं उचललंस," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आक्का म्हणाली, "तुज्यासाटी न्हवं गं बाई. टोळीचं माप भराया पायजे हुतं."

मला हसू आले आणि रडूही. मग ती जरा थांबून म्हणाली, "ते पंधरा रुपये मातूर आमी दिल्यालं."

"कसले?"

"मस्टरचं. त्यो कारकून कशाला देतोय! आमी चौघींनी काडलं. दोघी त्यातल्या आता न्हाईत."

मला काही बोलता येईना. सेहेचाळीस वर्षे मी त्या कारकुनाला निदान एका गोष्टीपुरता भला माणूस समजत आले होते. तिने एक पाकळी सोलून टोपलीत टाकली आणि विचारले, "हिरीला पानी किती हाय?"

"दीड परस," मी म्हटले.

"मग पाऊस झाल्यावर लसूण लाव अवंदा. बी माज्याकडनं ने."

मी नेले. त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला. लसूण निघाल्यावर पहिली जुडी घेऊन मी आणि माझी मुलगी तिच्याकडे गेलो. आक्काने मुलीला जवळ घेतले आणि तिच्या पिकल्या केसांकडे बघत म्हणाली, "हिला मी पोटात असल्यापासनं वळखते."