जांभ्यावरची रोपे
रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही रस्त्याकडेला लावलेले रोप बहुधा एप्रिल-मेमध्ये तहानेने वाळते, कारण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो आणि जांभा, म्हणजे लोहाने तांबडा झालेला सच्छिद्र खडक, ते पाणी वरच्या थरात धरून ठेवत नाही. कातळात पहारीने खोल खड्डा घेऊन त्यात माती व शेणखत भरणे, पाऊस सरताच आळे, म्हणजे बुंध्याभोवतीची पाणी धरणारी खळगी, पालापाचोळ्याने झाकणे आणि निदान दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे, हे खरे वृक्षारोपण; खड्ड्याशेजारचे छायाचित्र त्यात मोडत नाही. निवडीचा विचार केला, तर मूळच्या मादागास्करच्या, वादळात चटकन मोडणाऱ्या गुलमोहरापेक्षा खारी हवा सोसणारी उंडी किंवा करंज अधिक योग्य, आणि अरुंद गल्लीत सावकाश वाढणारी बकुळ बरी. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणाकडे वृक्षगणना, लागवड आणि तोडीची परवानगी ही कामे सोपवली. मार्चमधली पाण्याची बादली मात्र बहुधा, ज्या घराच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, ते रोप उभे असते, त्याच घरातून निघते.